नेल हार्लनचं उरलेलं आयुष्य

शनिवार, १४ ऑगस्ट २००४. सकाळ. सेरंगून, आमचा फ्लॅट. हजर: श्रीलंकन विहारातले भन्ते, बाबा, मी, माझा धाकटा भाऊ सुजात, भुसावळहून आलेली कुंदामावशी, मेश्राम काका-काकू, आमच्या बुद्धवंदनेच्या मंडळातली आणखी चार-पाच कुटुंबं, विद्यापीठातले दोन पोस्टडॉक, जे बाबांना ओळखत होते पण आईला नाही, आणि शेजारच्या लिम आंटी, ज्या दारातल्या खुर्चीवरून आत सरकायला शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत. निमित्त: आईचं पुण्यानुमोदन.

ही नावं मी त्याच दिवशी सकाळी लिहून काढली होती, कारण जेवणाला किती माणसं ते कुणीतरी सांगायला हवं होतं आणि घरात दुसरं कुणी काही सांगत नव्हतं. मी सतरा वर्षांची होते. तोवर याद्या आई करायची, त्याही डोक्यात. त्या आठवड्यात मी त्या कागदावर करायला लागले आणि मग ती सवयच झाली. लोक माझ्या टापटिपीचं कौतुक करतात तेव्हा मी थँक यू म्हणते. एवढं पुरतं.

आमचा फ्लॅट जुन्या ब्लॉकमध्ये होता. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबत नसे, एक मजला वर जाऊन जिन्यानं खाली यावं लागे. आता जिथे मोठा मॉल आहे तिथे तेव्हा काही नव्हतं, त्यामुळे खिडकीतून बराच लांबवर आकाश दिसायचं. पहाटे कोकिळा ओरडायच्या. इथल्या लोकांना त्यांचा वैताग येतो, पेपरात तक्रारी छापून येतात. आईला ते फार विनोदी वाटायचं. "आपल्याकडे कोकिळेवर कविता करतात, इथे कम्प्लेंट करतात," ती म्हणायची. दुपारी भंगारवाला हॉर्न वाजवत खालून जाई. संध्याकाळी लिम आंटींकडे माजाँगच्या खेळातल्या सोंगट्या टेबलावर ओतल्याचा खळखळाट होई, आणि आमच्या स्वयंपाकघरात इकान बिलिस भाजल्याचा वास सुटे. इकान बिलिस म्हणजे इथली वाळवलेली बारीक मासळी. आईनं परदेशात आल्या आल्या पहिल्याच महिन्यात बाजारात ती शोधून काढली, चिमटीत धरून हुंगली आणि जाहीर केलं की ही आपली सुकटच आहे, फक्त शिकलेली. लसूण, लाल तिखट आणि तव्यावर थेंबभर तेल. त्या चटणीसाठी मेश्राम काका पासिर रिसहून दोन बस बदलून यायचे आणि वंदनेसाठी आलो म्हणायचे.

फ्रिजवर कॅसेट प्लेअर असे आणि त्यात बहुतेक वेळ एकच कॅसेट. नेल हार्लन. हे नाव माझ्या पिढीतल्या कुणाला माहीत असायचं कारण नाही. पन्नासच्या दशकात अमेरिकेत ती पॉप गाणी म्हणायची, मागे मोठा वाद्यवृंद, अंगात खांदे उघडे टाकणारा झगा. माझे आजोबा भुसावळला रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये खानसामा होते. तिथली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून ऑस्ट्रेलियाला गेली आणि जाताना न परवडणारं वजन मागे ठेवून गेली. त्या वजनात तिच्या रेकॉर्ड होत्या. आई आणि कुंदामावशी इन्स्टिट्यूटच्या स्वयंपाकघरात त्या ऐकत वाढल्या. इंग्रजी येत नव्हतं तेव्हापासून आईला ती गाणी पाठ होती, त्यामुळे पुढे इंग्रजी शिकल्यावरही ती गाताना शब्द नाही, आवाज म्हणायची. चपात्या लाटताना ती जे गायची त्यातलं निम्मं कुठल्याच भाषेत नव्हतं.

बाबा अमरावतीचे, चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांना गाण्याचं काही नव्हतं.

"सुनंदा, त्या बाईला कुठे दुखतंय नेमकं?" ते जेवताना विचारायचे.

"तुमचं ऐकलंय ना मी. वंदनेला तुमच्या शेजारची जागा नेहमी रिकामी असते, ती का?" आई म्हणायची.

"लोक आदरानं जागा देतात."

"बघा हं पुढच्या वेळी. आदरानं कानात बोळे घालून येतात का ते."

हे त्यांचं वर्षानुवर्षं चालायचं. त्यात काही खोल नव्हतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे झालं त्यामुळे लोकांना वाटतं की बाबांना आधीपासूनच त्या गायिकेचं वेड होतं. नव्हतं.

आई आजारी पडली तेव्हा पोटातला कॅन्सर आधीच पसरलेला होता. डॉक्टरांनी ते नीट, बसवून, पाणी देऊन सांगितलं. आठ खाटांचा वॉर्ड, वर पंखे, खिडकीबाहेर एक पर्जन्यवृक्ष. मी शाळेतून थेट जायची आणि बाबा ऑफिसमधून. पहिले काही दिवस बाबा खुर्चीत बसून फक्त खाटेच्या पायाशी लावलेला तक्ता वाचायचे. आईशी काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांचं सगळं बोलणं घरातल्या कुठल्या ना कुठल्या कामाबद्दलच असायचं आणि तिथे काम असं काही नव्हतं. मग एका संध्याकाळी ते प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन आले. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर शोधून, छापून आणले होते. नेल हार्लनचं चरित्र. कुणा अमेरिकन चाहत्यानं तिच्यावर वेबसाइट केली होती, लांबच लांब.

"तुझ्या त्या बाईचं सापडलं," ते म्हणाले आणि चष्मा लावून वाचायला लागले. मूळ इंग्रजी होतं, ते बघत बघत मराठीत सांगायचे. "तिचा जन्म ओहायोतल्या एका खाणीच्या गावात झाला. वडील रेल्वेच्या इंजिनवर कोळसा टाकायचे. घरात सहा भावंडं. आई सकाळी भाकरी थापून..."

"भाकरी?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

"मक्याची. कॉर्नब्रेडला काय म्हणू मग?"

"तुम्ही मध्ये मध्ये तुमचं घालू नका."

"बरं. मक्याचा ब्रेड. झालं समाधान?"

"आता भाकरीच राहू दे," आई म्हणाली.

त्यानंतर रोज संध्याकाळी नेल हार्लन. गावातल्या गिरणीच्या जाहिरातीसाठी ती रेडिओवर गायला लागली तेव्हा शाळेत होती. मग एका बँडबरोबर बसमधून गावोगाव, रात्री झगा खिडकीला टांगून वाळवायचा. मग युद्ध, छावण्यांमधले कार्यक्रम, सैनिकांची पोत्यानं पत्रं. बँडच्या म्होरक्याशी लग्न, दोन वर्षांत काडीमोड. मग ती एकटी उभी राहिली आणि तिची गाणी देशभर वाजायला लागली. बाबा यातलं काही गाळायचे नाहीत, वाद्यवृंदात किती व्हायोलिन होती तेसुद्धा सांगायचे. शेजारच्या खाटेवरच्या मलाय आजींना भाषा कळत नव्हती, तरी बाबा आले की त्या आपला रेडिओ बारीक करायच्या.

तिच्या भरभराटीच्या दिवसांत रेकॉर्ड कंपनीनं तिला एक गाणं दिलं, ज्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी कोरसमधले पुरुष कुत्र्यासारखे भुंकतात. तिला ते अजिबात गायचं नव्हतं. करार होता म्हणून गायली, आणि तेच तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं झालं. लोक रस्त्यात तिला पाहून भुंकायचे. बाबांनी हे सांगितलं त्या संध्याकाळी आई हसली. हसताना दुखत होतं म्हणून तिनं पोटावर उशी धरली. "पुढे?" ती म्हणाली. बाबांनी घड्याळ पाहिलं, भेटायची वेळ संपली होती. "पुढचं उद्या," ते म्हणाले आणि कागदाचा कोपरा दुमडून फोल्डर बंद केलं. आई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

अग्निसंस्कार इथेच झाला. मावशीचा व्हिसा त्यानंतर आला. ती आली, दारातच सुजातला धरून रडली, मग मला धरायला आली आणि मी तिला बाथरूममधला गरम पाण्याचा स्विच कुठला ते दाखवलं. मला काही वाटत नव्हतं. म्हणजे वाईट वाटत होतं असं मला माहीत होतं, जसं बाहेर ऊन आहे हे एसीत बसून माहीत असतं तसं. त्या आठवड्यात मी फार कामं केली. पांढऱ्या चादरी, फुलं, मेणबत्त्या, बुद्धमूर्तीसाठी टेबल, आईचा फोटो मोठा करून आणणं. लिम आंटी म्हणाल्या, "खाली व्हॉइड डेक घे ना लाह, तुमच्या घरी इतकी माणसं कुठे बसणार?" व्हॉइड डेक म्हणजे ब्लॉकच्या तळमजल्यावरची मोकळी जागा, तिथे लोक लग्नं आणि मयतं करतात. सुजात म्हणाला, "आई डोन्ट लाइक व्हॉइड डेक." तो बारा वर्षांचा होता आणि सगळी क्रियापदं वर्तमानकाळात वापरत होता. संध्याकाळी आंटींनी आपल्या घरातल्या सगळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आमच्या दाराशी आणून रचल्या, वर संत्र्यांची पिशवी.

मला एकच गोष्ट हवी होती. त्या सकाळी कुणीतरी उभं राहून आईबद्दल बोलावं. आमच्यात पुण्यानुमोदनाला तसं बोलतातच: गेलेलं माणूस कसं होतं, कुणाच्या उपयोगी पडलं, काय खायचं, कशावर चिडायचं. भुसावळला शंभर माणसं बोलली असती. इथे आईला नीट ओळखणारी माणसं एका हाताच्या बोटांवर होती आणि त्यांतही सर्वांत जास्त ओळखणारे बाबा. मी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही बोलाल ना? दहा मिनिटं." ते हो म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. "सांगितलं ना, बोलतो," ते म्हणाले.

भन्ते वेळेवर आले. त्रिशरण-पंचशील झालं. श्रीलंकन चाल संथ आणि आमची नागपुरी चाल पळती, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी आम्ही भन्तेंच्या पुढे पोचून थांबायचो, रांगेत उभं राहिल्यासारखे. भन्तेंनी पाण्याचा विधी केला, परित्राण म्हटलं. एक अडचण होती: भन्ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, त्यामुळे भोजनदान त्याआधी व्हायला हवं. मी सगळं त्या हिशेबानं आखलं होतं. बाबा उठले तेव्हा वेळ भरपूर होता.

ते आईच्या फोटोशेजारी उभे राहिले. पांढरा सदरा, घडीच्या रेघा तशाच. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा लावला, पण हातात कागद नव्हता.

"तर ते भुंकण्याचं गाणं खूप चाललं," बाबा म्हणाले. "पण नेलचा त्यात जीव नव्हता. तिनं कंपनीच्या माणसाला सांगितलं, मी हे पुन्हा गाणार नाही. तो म्हणाला, करार आहे. मग तिनं वकील केला."

कुणाला काही कळेना. मेश्राम काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं होतं. बाबा दुमडलेल्या कोपऱ्यापासून पुढे निघाले होते. मला ते अगदी स्पष्ट कळलं आणि त्यावर काय करायचं ते अजिबात कळलं नाही.

ते एकसुरात, वॉर्डात सांगायचे तसंच सांगत होते. खटला दोन वर्षं चालला, तेवढ्यात नव्या पोरांचं गिटारचं संगीत आलं आणि वाद्यवृंद बंद पडले. साबणाच्या कंपनीनं दिलेला तिचा टीव्हीवरचा कार्यक्रम गेला. हॉटेलांत, जेवणाऱ्या लोकांसमोर गायली, काट्या-चमच्यांच्या आवाजात. मग घशात गाठी, ऑपरेशन, सहा महिने बोलायचं नाही, पाटीवर लिहून दाखवायचं. आवाज परत आला तो खालच्या पट्टीत. बाबा म्हणाले, "डॉक्टर म्हणाले बोलता येईल, गाणं विसरा. मग ती गावी परत गेली."

कुंदामावशीच्या मानेवरची शीर दिसायला लागली. "भाऊजी," ती हळू म्हणाली. बाबांना ऐकू आलं नाही किंवा आलं. मी घड्याळाकडे पाहिलं. भन्ते मात्र मांडी घालून, डोळे अर्धे मिटून, अतिशय लक्ष देऊन ऐकत होते. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता.

"गावात तिला सरकारी कचेरीत नोकरी मिळाली," बाबा म्हणाले. "कुत्र्यांचे परवाने द्यायची. तिकडे कुत्रं पाळायला परवाना लागतो. लोक यायचे, तिला ओळखायचे, म्हणायचे, एकदा भुंकून दाखवा की. ती म्हणायची, आधी कुत्र्याचं नाव सांगा. वीस वर्षं तिनं ते काम केलं. दुसरं लग्न एका सुताराशी केलं. तो बहिरा होता, त्यानं तिचं गाणं कधी ऐकलं नाही. निवृत्त झाल्यावर चर्चमध्ये मुलांना शिकवायची. झोपेत गेली. संपलं."

आणि ते खाली बसले.

भन्तेंनी डोळे उघडले, हात जोडले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "साधु, साधु, साधु." भन्ते म्हणाले म्हणजे म्हणावंच लागतं. मेश्राम काका म्हणाले, काकू म्हणाल्या, पोस्टडॉक म्हणाले, मी म्हणाले. दारातून लिम आंटीसुद्धा म्हणाल्या, त्यांना तो शब्द माहीत होता. तीन वेळा, सगळ्यांनी. मावशी म्हणाली नाही.

मी भन्तेंना वाढलं. बाराच्या आत झालं. निघताना ते मला इंग्रजीत म्हणाले, "तुझे वडील छान बोलले. कष्टाचं आयुष्य होतं, पण शेवट शांत झाला, हो ना?" मी हो म्हणाले.

ते जिन्याकडे गेले तशी मावशी बाबांसमोर उभी राहिली. "माझ्या बहिणीबद्दल चार शब्द निघाले नाहीत तुमच्या तोंडून? आँ? कुठल्या अमेरिकेतल्या बाईची कुत्री अन् मांजरं सांगत बसलात? मी तिकीट काढून हे ऐकायला आले?"

"तिचं राहिलं होतं," बाबा म्हणाले.

"काय राहिलं होतं?"

"ऐकायचं. कुत्र्याच्या गाण्यापर्यंत झालं होतं. ‘पुढे?’ म्हणाली ती. मी उद्या म्हणालो."

मावशी तशीच उभी राहिली. मेश्राम काकूंनी तिला खुर्चीकडे ओढलं, पण ती बसेना. मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "कुत्र्याचं गाणं? ते भुंकायचं?"

"तेच."

"अहो, ते तर," मावशी म्हणाली आणि बसली. "अहो, त्या गाण्यावर आम्ही दोघी इन्स्टिट्यूटच्या ओट्याखाली बसून भुंकायचो. सुनंदा मोठं कुत्रं, मी लहान. एकदा एक मडम घाबरून सूपसकट पडली. आमच्या बापानं दोघींना कोळशाच्या खोलीत कोंडलं. तर आतून ही भुंकतेच आहे, भुंकतेच आहे."

कुणीतरी हसलं. मग सगळेच. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. वरण पुन्हा गरम करायचं होतं, भात मोकळा करायचा होता, खिरीचे कागदी वाडगे कमी पडत होते. पानं वाढून झाली, लोक जेवायला बसले आणि आईबद्दल बोलायला लागले. उभं राहून, फोटोशेजारी नाही. तोंडात घास असताना, एकमेकांचं तोडत. मला जे हवं होतं तेच चाललं होतं, पलीकडे, दहा पावलांवर. मला सगळं अर्धवट ऐकू येत होतं. "अहो, तिनं त्या एजंटला असं सुनावलं..." मग कुकरची शिट्टी. "खोटं सांगत नाही, चटणीचा डबा विमानात..." मग सुजात कचऱ्याच्या पिशव्या विचारायला आला. मी त्याला पिशव्या दिल्या. बाहेर जाऊन बसावं असं माझ्या मनात आलं नाही. वाढायचं काम होतं आणि ते मला येत होतं.

मेश्राम काकू पुलाउ उबीन बेटावरच्या सहलीची गोष्ट सांगायला लागल्या. त्या सहलीला आम्ही मुलं नव्हतो, फक्त मोठी माणसं सायकली चालवायला गेली होती आणि आई दोन दिवस पाय धरून बसली होती, एवढंच मला माहीत होतं. "धक्क्यावर बोटवाला म्हणतो, बारा माणसं झाल्याशिवाय बंबोट सोडणार नाही," काकू सांगत होत्या. "आम्ही दहाच. ऊन हे असं. अर्धा तास झाला, कुणी येईना. तर सुनंदा उठली, बोटवाल्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याला म्हणाली..."

माझा नळ चालू होता. मी बंद केला तोवर बाहेर हशा फुटला होता. गेल्या कित्येक आठवड्यांत आमच्या घरात एवढा मोठा आवाज झाला नव्हता. त्यात बाबांचं हसणं होतं, ते मला वेगळं ओळखू आलं. मी पाण्याचा जग घेऊन बाहेर आले. मेश्राम काका डोळे पुसत होते, काकूंना ठसका लागला होता. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही गं, तुझी आई," काकू म्हणाल्या आणि ग्लास पुढे केला. मी तो भरला.

बाबांना मी पुढे कधीतरी विचारलं. ते आता अमरावतीला असतात. त्यांना त्या सकाळचं फक्त एवढंच आठवतं की भन्ते वेळेत जेवले. मावशी आता हयात नाही. मेश्राम काका गेले. काकू अजून पासिर रिसलाच आहेत, मुलाकडे, ऐकायला थोडं कमी येतं पण फोनवर छान बोलतात. दिवाळीला मी त्यांना मेसेज पाठवते, त्या हात जोडलेलं चित्र पाठवतात. माझ्या घरापासून त्यांचं घर एमआरटीच्या गाडीनं पाऊण तासही नाही. आई बोटवाल्याला काय म्हणाली, ते त्यांना विचारायचं आहे.